पाळी बंद झाली तरी रक्त कमीच: मिरजेतली एक ओव्हरीची केस

पॅथॉलॉजिस्टला पेशंट दिसत नाही, डबा दिसतो. फॉर्मलिनचा डबा, त्यावर चिकटवलेली पट्टी आणि रबरबँड लावून गुंडाळलेला एक फॉर्म. या केसच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, स्त्री, ४७ वर्षे, डाव्या ओव्हरीची गाठ, सीए १२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ताची तपासणी) = ९४. बास. खाली "क्लिनिकल हिस्टरी" म्हणून चार ओळी छापलेल्या असतात त्या कोऱ्या. मी मिरजेत लॅब चालवतो, वीसेक वर्षं झाली, आणि कोऱ्या ओळींचं मला आता काही वाटेनासं झालंय, हाच खरा प्रॉब्लेम होता असं आज वाटतं. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, केसचा गाभा तसाच आहे.)

तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या बाई. घरची दोन-अडीच एकर द्राक्षबाग, सीझनला बेदाण्याच्या शेडवर निवडायलाही जायच्या. तीन महिने पोट पुढं आल्यासारखं वाटत होतं, साडीची निरी बसेना म्हणून सुरुवातीला घरात चेष्टाच झाली, मग जेवण कमी झालं तेव्हा सोनोग्राफी केली. डावीकडे मोठी गाठ, आत कप्पे-कप्पे, काही भाग भरीव. मग ओटीपोटाचा एमआरआय, त्यात गाठ साडेपंधरा सेंटीमीटर, उजवी ओव्हरी नॉर्मल, पाणी अगदी थोडं. हिमोग्लोबिन ७.९. हे "पाळीच्या त्रासाचं" म्हणून ठरलेलंच होतं, गावातल्या डॉक्टरांपासून सगळ्यांच्या कागदांवर तेच शब्द उतरत आलेले, त्यामुळे कुणी पुन्हा विचारलं नाही. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि ऑपरेशन ठरलं.

सीए १२५ ९४ म्हणजे फार काही नाही. चाळिशीच्या बाईत एंडोमेट्रिऑसिसनेही, म्हणजे गर्भपिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढण्यानंही, एवढं वाढतं, पोटाच्या टीबीत तर कधीकधी पाचशेच्या वर गेलेलं मी बघितलंय आणि नातेवाईक कॅन्सर समजून रडत बसलेले. म्हणजे तो आकडा ना धड हो म्हणतो ना धड नाही. सोबत सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढणारा रक्तातला मार्कर, केलेलं नव्हतं. ते पन्नास वेळा सांगूनही होत नाही, का ते देव जाणे.

ऑपरेशनच्या दिवशी फ्रोझनसाठी गाठ माझ्याकडे आली, वॉर्डबॉय रिक्षातून मांडीवर डबा धरून घेऊन आला. फ्रोझन म्हणजे पेशंट टेबलावर भूल दिलेली असताना गाठीचा तुकडा गोठवून, कापून, रंगवून वीस-पंचवीस मिनिटांत सांगायचं की कॅन्सर आहे का नाही. पंधरा सेंटीमीटरच्या गाठीतून दोन तुकडे घ्यायचे आणि त्यावरून बोलायचं, म्हणजे पोत्यातले दोन दाणे बघून गव्हाचा भाव सांगण्यासारखं आहे. मला दिसलं ते असं, उंच पेशी, पेशींच्या पोटात म्युकस म्हणजे चिकट स्राव भरलेला, काही ठिकाणी एकावर एक थर चढलेले. मी ऑपरेशन करणाऱ्या गायनॅक मॅडमना फोनवर सांगितलं, "मॅडम, म्युसिनस ट्यूमर आहे, बॉर्डरलाइन तरी आहेच, त्याच्या पुढचं पॅराफिनवर कळेल. अपेंडिक्स बघा आणि आतडी हातानं चाचपून घ्या." (बॉर्डरलाइन म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधली, पॅराफिन म्हणजे मेणात बसवून सावकाश केलेल्या स्लाइड.)

मॅडम म्हणाल्या, "सर, आडवा काप घेतलाय, साधी सिस्ट वाटत होती ना. अपेंडिक्स नॉर्मल दिसतंय, तरी काढते. वरती हात पोचत नाही."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मॅडमनी गर्भपिशवी, दोन्ही ओव्हरी, अपेंडिक्स आणि ओमेंटमचा (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा) तुकडा असं सगळं काढून पाठवलं, त्यांनी त्यांच्या बाजूनं काही कमी केलं नाही.

अपेंडिक्सचा आग्रह का, तेही सांगून टाकतो. पोटात जेली साठलेली आणि ओव्हरीत म्युसिनस गाठ असं सापडलं की मूळ बहुतेक वेळा अपेंडिक्समध्ये असतं, ओव्हरीत नाही, आणि बाहेरून अपेंडिक्स बऱ्यापैकी साधं दिसलं तरी आत गाठ असू शकते. आमच्या केसमध्ये जेली नव्हती आणि अपेंडिक्स पूर्ण कापून बघितलं तरी साफ निघालं. तिथं मी थोडा निर्धास्त झालो. आतड्याचा प्रश्न अपेंडिक्सपाशीच संपला असं मनात कुठंतरी बसलं.

दुसऱ्या दिवशी ग्रॉसिंग, म्हणजे गाठ मोजून, कापून, डोळ्यानं तपासणं. गाठ साडेपंधरा बाय बारा बाय नऊ, वजन किलोच्या आसपास. बाहेरून गुळगुळीत, चकचकीत, कुठं फुटलेली नाही. एका कडेला ज्वारीच्या दाण्याएवढे दोन पांढरट ठिपके होते, मी ते नोंदवले आणि ब्लॉकही (स्लाइडसाठी मेणात बसवायचे तुकडे) घेतले, पण खरं सांगायचं तर त्यांच्याकडे बघून मनात घंटा वाजली नाही. कापल्यावर कप्पे, त्यात चिकट पाणी, आणि एका बाजूला पिवळट भुसभुशीत भाग, बोट लावलं की चुरा होणारा. म्युसिनस गाठीत ब्लॉक सढळ हातानं घ्यायचे असतात, सेंटीमीटरला किमान एक आणि दहा सेंटीमीटरच्या वरच्या गाठीत दोन, कारण एकाच गाठीत शेजारी-शेजारी साधा भाग, बॉर्डरलाइन भाग आणि कॅन्सर असे तिन्ही सापडतात. मी अठ्ठावीस घेतले. उजवी ओव्हरी तीन सेंटीमीटरची, अगदी साधी. अशा ओव्हरीतून मी एक, फार तर दोन तुकडे घेतो. त्या दिवशी माझी असिस्टंट नवीन होती, तिनं आख्खी ओव्हरी चकत्या करून चार कॅसेटमध्ये भरून टाकली. मी वैतागलो होतो, एवढे ब्लॉक कशाला म्हणून. या केसमध्ये काही श्रेय द्यायचं असेल तर ते तिला जातं.

आता स्लाइड. पहिला ट्रे बघून मी जवळजवळ ठरवलंच की हा ओव्हरीचाच, प्रायमरी. आणि तसं ठरवायला कारणं होती, ती उगाच नव्हती. एकतर एकाच बाजूला. दुसरं, मोठी. २००३ मध्ये सीडमन, कुरमन आणि रॉनेट यांनी एक साधा ठोकताळा मांडला होता, तो आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला आहे, म्युसिनस कॅन्सर दोन्ही ओव्हरींत असेल किंवा एकाच ओव्हरीत पण दहा सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर तो बाहेरून आलेला समजा, एकाच बाजूला आणि दहा किंवा त्याहून मोठा असेल तर तिथलाच समजा. दहातल्या नऊ वेळा हे बरोबर येतं. नंतर २००८ मध्ये हा आकडा तेरा सेंटीमीटर केला तर अजून बरं असं निघालं. आमची गाठ साडेपंधरा, म्हणजे दोन्ही नियमांत पास. शिवाय गाठीच्या मोठ्या भागात पेशी एकदम सभ्य, एका ओळीत, साध्या सिस्टसारख्या, मग हळूहळू थर वाढत गेलेले आणि मग उघड कॅन्सर. साध्यापासून वाईटापर्यंतची ही पायरी-पायरीची चढण प्रायमरीची खूण म्हणून शिकवतात.

मी ड्राफ्ट टाइप केला. प्रायमरी म्युसिनस कार्सिनोमा, स्टेज १ए.

याचा अर्थ काय झाला असता ते सांगायला हवं. ओव्हरीचा खरा म्युसिनस कॅन्सर तसा दुर्मीळ, ओव्हरीच्या एपिथेलियल कॅन्सरमधले शंभरातले तीनेक, पण सापडतो तेव्हा बहुतेकदा स्टेज १ मध्ये, ओव्हरीपुरताच. गाठ न फुटता निघाली, बाकी सगळं साफ, की बऱ्याचदा केमोही लागत नाही. बाईंना सांगितलं असतं, गाठ होती ती काढली, दर तीन महिन्यांनी दाखवायला या. त्या आनंदानं बागेत गेल्या असत्या. आणि आतड्यातली मूळ गाठ आत वाढत राहिली असती.

त्या चढणीचीच गंमत अशी की ती फसवी असते. आतड्याचा, पॅन्क्रिआसचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर ओव्हरीत येऊन रुजला की तो तिथं "सज्जन" होतो, मोठे कप्पे करतो, कप्प्यांच्या भिंतींवर अशा साध्या पेशी पसरतो की कुणी म्हणेल ही तर निरुपद्रवी सिस्ट. चोरानं गावात येऊन पांढरी टोपी घालून पारावर बसावं तसं. त्यामुळे साधा भाग दिसला म्हणून मूळ इथंच असं म्हणता येत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं, मी स्वतः हे पीजीच्या पोरांना शिकवलंय. पण कोरा फॉर्म, एका बाजूची मोठी गाठ आणि साफ अपेंडिक्स या तिघांनी मिळून मला झोपवलं.

उजव्या ओव्हरीच्या स्लाइड शेवटच्या ट्रेमध्ये होत्या. तिसऱ्या चकतीत, ओव्हरीच्या अगदी पृष्ठभागाला धरून, चार मिलिमीटरचा एक ठिपका. डोळ्यानं दिसलाच नव्हता. त्यात ग्रंथी, आणि ग्रंथींच्या आतल्या कडेनं पेशींची माळ, मधल्या पोकळीत मेलेल्या पेशींचा कचरा. इंग्रजी पुस्तकांत याला डर्टी नेक्रोसिस म्हणतात, मला ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मांडवासारखं दिसतं, कडेनं माळा टांगलेल्या आणि मध्ये पत्रावळ्यांचा ढीग. हे चित्र मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं. मग मी परत मोठ्या गाठीच्या स्लाइड काढल्या, ते ज्वारीचे दोन दाणे बघितले, तेही पृष्ठभागावर बसलेले कॅन्सरचेच ठिपके निघाले. आणि तो भुसभुशीत पिवळा भाग, जो मी "नेक्रोसिस" एवढा एकच शब्द लिहून सोडला होता, तिथंही तीच माळ, तोच कचरा.

म्हणजे गाठ एका बाजूला नव्हतीच. दोन्ही बाजूंना होती, फक्त एका बाजूला चार मिलिमीटर. आणि बाहेरून आलेला कॅन्सर बऱ्याचदा ओव्हरीच्या पृष्ठभागावर आणि लहान-लहान गाठींच्या रूपात दिसतो, आतून वाढत बाहेर येत नाही. आकाराचा तो ठोकताळा सगळ्यात जास्त कुठं आपटतो तर मोठ्या आतड्याच्या बाबतीतच, कारण आतड्याचा कॅन्सर ओव्हरीत आला की एकाच बाजूला, वीतभर मोठी, गुळगुळीत गाठ करायला अजिबात लाजत नाही.

मी मॅडमना फोन लावला. विचारलं, "हिस्टरी काय आहे हिची?" त्या म्हणाल्या, "काही विशेष नाही सर, पाळीचा त्रास, रक्त कमी." मी म्हटलं ठीक आहे, आणि फोन ठेवला, पण काहीतरी अडकलं होतं. ४७ वर्षांच्या बाईचं हिमोग्लोबिन ७.९ पाळीनं होऊ शकतं, आमच्या भागात काय नवल नाही. पण गर्भपिशवीच्या स्लाइड मीच बघितल्या होत्या, आतलं अस्तर अगदी पातळ, सुकलेलं, पाळी थांबलेल्या बाईचं असतं तसं. फायब्रॉइड नाही, पॉलिप नाही, काही नाही. या पिशवीतून एवढं रक्त जाणं पटेना.

तिसऱ्या दिवशी मुलगी रिपोर्ट घ्यायला आली. चोवीसेक वर्षांची, विट्याला दिली आहे, आईसाठी आलेली. काउंटरवरच्या पोरानं "अजून झाला नाही" म्हणून परत पाठवायच्या आत मी तिला आत बोलावलं.

"बस गं. एक सांग, आईची पाळी अजून येते का?"

"नाही सर, मागच्या दिवाळीपासून बंदच आहे."

म्हणजे आठ-नऊ महिने झाले.

"मग रक्त कमी कशानं होतंय?"

"ते पाळीमुळंच म्हणाले होते. सुया घेतल्या की सर, लोहाच्या, दोनदा. गोळ्या तर चालूच आहेत. तेवढ्यापुरतं वाढतं, परत कमी."

"संडासला कसं होतं, कधी विचारलंस का?"

पोरगी लाजली. मग तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून बाई म्हणाल्या, "काळी व्हतीय की. पण ती गोळ्यांनी व्हतीय म्हणत्यात न्हवं? आन दोन-तीन महिनं झालं, चार दिस घट्ट, चार दिस पातळ. त्याचं काय एवढं, वय झालं."

लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होतेच, ते खरं आहे. पण त्याच काळ्या रंगाच्या आड रक्तही लपतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठी असंच करतात, तिथं आतडं रुंद असतं, मळ पातळ असतो, त्यामुळे अडकत नाही, दुखत नाही, उघड लाल रक्त पडत नाही, नुसतं रोज थोडं-थोडं रक्त झिरपतं आणि माणूस पांढरा पडत जातो. पाळी चालू असेपर्यंत हे पाळीच्या नावावर खपून जातं. पाळी बंद झाली तरी तेच नाव पुढच्या कागदावर चालत राहिलं, हे मात्र आम्हा सगळ्यांचं, यात मीही आलो. पुरुषाचं हिमोग्लोबिन ७.९ असतं तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दुर्बीण घालायला सांगितलं असतं, हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं बाईंचं रक्त आमच्याच लॅबला आलं होतं, उरलेला सीरम फ्रीजमध्ये होता. त्यावर सीईए लावलं, ६८ आलं. सीए १२५ ला सीईएनं भागायचं, उत्तर पंचवीसच्या वर आलं तर ओव्हरीच्या बाजूनं, खाली आलं तर आतड्याकडं बघा, असा एक जुना उपयोगी हिशेब आहे. ९४ भागिले ६८, म्हणजे दीडसुद्धा नाही. हा हिशेब एकटा कधी धरायचा नसतो, पण ऑपरेशनच्या आधी केला असता तर निदान उभा काप तरी घेतला असता, किंवा त्याच्याही आधी दुर्बीण तरी झाली असती. चारशे-पाचशे रुपयांची टेस्ट.

मी मॅडमना पुन्हा फोन केला आणि सांगितलं की इम्युनोच्या मार्करची वाट बघू नका, आधी दोन्हीकडची दुर्बीण करा, वरून पोटाची आणि खालून मोठ्या आतड्याची. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगलीत गॅस्ट्रोकडे पाठवलं. जठर साफ. मोठ्या आतड्यात उजवीकडे वर जाणाऱ्या भागात, लिव्हरखालच्या वळणाच्या जवळ, घावासारखी खोल आणि कडा उचललेली गाठ. बायोप्सी, अॅडिनोकार्सिनोमा. सोनोग्राफीत ती गॅसच्या आड गेली होती आणि एमआरआय ओटीपोटाचाच काढला होता, तो तिथवर पोचतच नाही. ऑपरेशनमध्येही मॅडमचा हात तिथंच पोचला नव्हता.

इम्युनो म्हणजे पेशींतली ठरावीक प्रोटीनं रंगवून कॅन्सर मूळचा कुठला ते शोधायची तपासणी. तिचे मार्कर आमच्याकडे सगळे नाहीत, बाहेर पाठवावे लागतात, पाच दिवस गेले. आले ते असे, सीके ७ निगेटिव्ह, सीके २० भरपूर पॉझिटिव्ह, सीडीएक्स २ पॉझिटिव्ह, एसएटीबी २ पॉझिटिव्ह, पॅक्स ८ निगेटिव्ह, ईआर निगेटिव्ह. सरळ मोठ्या आतड्याचं चित्र. ओव्हरीच्या म्युसिनस कॅन्सरमध्ये सीके ७ जवळजवळ कायम जोरात पॉझिटिव्ह असतं, सीके २० आणि सीडीएक्स २ मात्र त्यातही कमी-जास्त येऊ शकतात, त्यामुळे नुसतं "सीके २० पॉझिटिव्ह, म्हणजे आतडं" असं लिहून मोकळं होणारे रिपोर्ट बघितले की मला घाम फुटतो. पॅक्स ८ आणि ईआर यासाठी, की आतड्याचा कॅन्सर ओव्हरीत आला की कधी म्युसिनस दिसतो तसा कधी हुबेहूब एंडोमेट्रिऑइड, म्हणजे ओव्हरीच्याच दुसऱ्या एका प्रकारच्या, कॅन्सरसारखा दिसतो, आमच्या गाठीचा भुसभुशीत भाग तसाच होता, आणि एंडोमेट्रिऑइडमध्ये हे दोन्ही बहुतेकदा पॉझिटिव्ह असतात. पैसे कमी असले तर मी सीके ७ आणि एसएटीबी २ एवढे दोनच आधी लावायला सांगतो, बारा मार्करची यादी लावून पेशंटचं बिल वाढवण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

पण हे सोपं गेलं ते मूळ मोठ्या आतड्यात होतं म्हणून. जठर, पॅन्क्रिआस, पित्ताशय यांच्या कॅन्सरमध्येही सीके ७ बहुतेकदा पॉझिटिव्हच असतं, मग ओव्हरीचा आणि त्यांचा फरक मार्करवर नीट होत नाही. पॅन्क्रिआसच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये स्मॅड ४ नावाचं प्रोटीन गायब असतं, ते सापडलं तर नशीब, नाही सापडलं तर परत तुम्ही तिथंच. तिथं दुर्बीण आणि सीटी यांना पर्याय नाही. आणि उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये, ज्यांत डीएनए दुरुस्तीची प्रोटीनं बिघडलेली असतात, सीके २० आणि एसएटीबी २ सुद्धा दगा देतात. म्हणून त्या चार प्रोटीनचीही तपासणी केली, चारही शाबूत. ती बिघडलेली निघाली असती तर अजून एक गुंता होता, लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजारात आतड्याचा आणि ओव्हरीचा असे दोन वेगवेगळे कॅन्सर एकाच बाईत होऊ शकतात, मग आतड्यात गाठ सापडली म्हणून ओव्हरीतली तिथूनच आली असंही म्हणता आलं नसतं.

नातेवाइकांपैकी कुणीतरी मोबाइलवर बघून विचारलं, "हा क्रुकेनबर्ग ट्यूमर का?" नाही. ते नाव ओव्हरीत आलेल्या प्रत्येक कॅन्सरला लावतात, पण ते खरं अंगठीसारख्या पेशींच्या गाठीचं, म्युकसनं पेशी फुगते आणि केंद्रक एका कडेला खड्यासारखं ढकललं जातं, आणि ती बहुतेकदा जठरातून येते. आमच्या केसमध्ये तशा पेशी नव्हत्या. पण त्या क्रुकेनबर्गची गोष्ट मला या केसनंतर फार जवळची वाटायला लागली. १८९६ मध्ये त्या जर्मन डॉक्टरानं अशा पाच केस लिहिल्या आणि हा ओव्हरीचाच नवीन प्रकारचा सार्कोमा (आधार देणाऱ्या ऊतींचा कॅन्सर) आहे असं ठरवून मोकळा झाला. १९०२ मध्ये श्लागेनहाउफर यानं दाखवलं की तो बाहेरून आलेला असतो. ज्याच्या नावानं हा ट्यूमर जग ओळखतं, त्यानंच तो मुळात चुकीचा ओळखला होता.

मी ड्राफ्ट फाडला वगैरे नाही, कॉम्प्युटरवरचा होता, डिलीट केला. नवीन रिपोर्टमध्ये लिहिलं, दोन्ही ओव्हरींमध्ये मोठ्या आतड्यातून पसरलेला अॅडिनोकार्सिनोमा. आणि खाली फ्रोझनचा निष्कर्ष आणि शेवटचा निष्कर्ष यात फरक का पडला तेही लिहिलं. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं.

स्टेज १ ची बाई स्टेज ४ ची झाली. हे घरच्यांना सांगायचं काम माझं नव्हतं, मॅडमनी केलं, आणि नीट केलं असं मुलगी म्हणाली. सीटीमध्ये लिव्हर आणि फुप्फुस साफ होतं, ओमेंटमचा तुकडाही साफ. उजव्या बाजूचं मोठं आतडं काढलं, ते ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं. तेवीस लिम्फ नोडपैकी पाचात कॅन्सर. एकानं विचारलं, मग ओव्हरी काढली ती फुकट गेली का. नाही गेली. आतड्याचा कॅन्सर ओव्हरीत बसला की तिथं केमोचा असर बाकीच्या जागांपेक्षा कमी होतो, लिव्हरमधली गाठ लहान होत असताना ओव्हरीतली वाढतच गेली असं बघायला मिळतं, त्यामुळे ती बाहेर आली ते बरंच झालं. पण केमो कुठली हे मात्र सगळं बदललं. ओव्हरीची असती आणि केमो लागलीच असती तर कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल, आता फोल्फॉक्स, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो, दर दोन आठवड्यांनी. कॅन्सरमधला केआरएएस नावाचा जीन तपासला, त्यात बदल निघाला, म्हणजे सेटुक्सिमॅबसारखी औषधं चालणार नाहीत. ओव्हरीचा म्हणून सोडला असता तर केआरएएस कुणी तपासलंच नसतं.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर आता कोऱ्या चार ओळी नाहीत, प्रश्न छापलेत. पाळी चालू का बंद, कधीपासून. हिमोग्लोबिन किती. संडासच्या सवयीत फरक. आधी कुठली दुर्बीण झालीय का. सीईए. मिरज-सांगलीतले निम्मे डॉक्टर भरतात, निम्मे तसाच पाठवतात, तसा आला की काउंटरवरचा पोरगा पेशंटच्या नातेवाइकालाच विचारून पेन्सिलनं भरतो. मॅडम स्वतः आता पेल्व्हिसच्या एमआरआयवर थांबत नाहीत, पूर्ण पोटाचा सीटी करतात. थोडं जास्तच करतात असं मला वाटतं, साध्या पाण्याच्या सिस्टलाही, पण मी गप्प बसतो.

सहाव्या केमोच्या वेळी मुलगी परत आली, आईचं रक्त तपासायला घेऊन. हिमोग्लोबिन १०.८, लोहाच्या गोळ्या न घेता. बाईंनी मला पहिल्यांदाच बघितलं, म्हणाल्या, "तुमीच का ते संडासचं इचारणारं डॉक्टर?" मी हो म्हटलं. सोबत त्यांचे धाकटे भाऊही होते, मुलीचे मामा, वय ४४. सख्ख्या नात्यात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तर बाकीच्यांनी चाळिशीला, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा दुर्बीण करून घ्यायची असते. बाईंना ४७ ला झाला, म्हणजे ३७. मुलीला अजून तेरा वर्षं आहेत, तिनं मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलं, माझ्यासमोरच. मामांची तारीख तर कधीच उलटून गेली होती. त्यांना काय काय करावं लागतं, आदल्या दिवशी पोट कसं साफ करतात, सगळं सांगितलं, गॅस्ट्रोच्या नावाची चिठ्ठीही दिली.

मामा म्हणाले, "येतो की डॉक्टर, तेवढी छाटणी उरकू द्या."

ऑक्टोबर छाटणी होऊन घड धरले, आता बागेत पेपर गुंडाळायचं काम चालू आहे. मामा अजून आलेले नाहीत.